निवृत्तीसाठी किती पैसे लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक कोटी पुरतात का?

कुणाला पुरून उरतात, कुणाला दहा वर्षंही पुरत नाहीत. कोकणात स्वतःच्या घरात महिन्याला २५ हजारांत राहणारं जोडपं आणि ठाण्यात भाड्याच्या घरात ८० हजार खर्चणारं जोडपं यांना एकच आकडा सांगणं म्हणजे दोघांना एकाच मापाची चप्पल देणं. सुरुवात आकड्यापासून करू नका, वर्षाच्या खर्चापासून करा. तेवढा खर्च नीट मोजला की उरलेलं गणित चौथीच्या मुलाला जमेल असं आहे. लोक अडतात ते खर्च मोजण्यात.

खर्च नेमका कसा मोजायचा? आमचे महिन्याला ४० एक हजार जातात.

हे ‘४० एक हजार’ जवळजवळ नेहमीच कमी निघतात. वाणी, दूध, वीज, गॅस, मोबाइल, कामवाल्या मावशी, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स हे तोंडपाठ असतं. वर्षातून एकदा येणारे खर्च मात्र कुणाच्या डोक्यात नसतात. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि खात्यातून बाहेर गेलेल्या रकमांची बेरीज करा. त्यातून गुंतवणूक, कर्जाचे हप्ते आणि मुलांची फी वजा करा. एटीएममधून काढलेली रोकड खर्चच धरायची; ती कुठे गेली हे आठवलं नाही तरी ती गेलीच आहे.

नाशिकमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या साठीच्या जोडप्याचा एक नमुना बघा. महिन्याचा चालू खर्च ४५,००० म्हणजे वर्षाचे ५,४०,०००. शिवाय वर्षाकाठचे: आरोग्य विम्याचा हप्ता ४२,०००, मालमत्ता कर ५,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १५,०००, सणवार आणि लग्नाकार्यातले आहेर २०,०००, गावी जाणं आणि एखादा प्रवास २०,०००, घरदुरुस्तीसाठी राखीव १८,०००. हे १,२०,००० झाले. एकूण ६,६०,०००, म्हणजे महिन्याला ५५ हजार. तोंडी आकडा ४५ होता.

घरदुरुस्तीचे १८ हजार दरवर्षी जात नाहीत, पण सात-आठ वर्षांनी रंग, मधेच गीझर, फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी अशी सरासरी निघते. दातांचे आणि श्रवणयंत्राचे पैसे वेगळे धरा; साध्या आरोग्य विम्यात ते बहुधा बसत नाहीत आणि साठीनंतर हाच खर्च हमखास येतो.

नोकरी सुटल्यावर खर्च २०-३० टक्क्यांनी घटतो असं सर्रास सांगतात. डबा, पेट्रोल, इस्त्रीचे कपडे यांत थोडं वाचतं हे खरं. पण कंपनीचा फुकटचा आरोग्य विमा जातो आणि दिवसभर घरी असलेल्या माणसाचा पंखाही दिवसभर फिरतो. घट धरूच नका.

वार्षिक खर्चाच्या २५ पट जमवा म्हणतात. बरोबर आहे का?

हा नियम अमेरिकेतून आला. तिथले आर्थिक नियोजक विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासले. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पैसे ३० वर्षं पुरले असते असं त्यांना आढळलं. ४ टक्के म्हणजे २५ पट. तिथली महागाई आणि तिथला बाजार आपला नाही, म्हणून नियम जसाच्या तसा उचलू नये.

आपल्याकडे सगळा खेळ एका फरकावर आहे: कर कापून हातात येणारं व्याज वजा महागाई. साठीपासून नव्वदीपर्यंत ३० वर्षं धरली आणि पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढले, तर हिशेब असा येतो. परतावा महागाईपेक्षा २ टक्के जास्त मिळाला तर साधारण २३ पट लागतात, १ टक्का जास्त असेल तर २६ पट. दोन्ही सारखे असतील तर सरळ ३० पट. आणि परतावा महागाईपेक्षा १ टक्का कमी पडला तर ३५ पट.

शेवटचा प्रकार दुर्मीळ नाही. एफडीवर ७ टक्के मिळाले आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह कर जाऊन हातात साडेपाच उरतात. घरची महागाई ६ टक्के असेल तर एफडीत ठेवलेला पैसा दर वर्षी थोडा झिजतो. पासबुकात आकडा वाढतच असतो, त्यामुळे ते दिसत नाही.

थोडा पैसा शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात ठेवण्याची तयारी असेल तर ३० पट धरा. सगळं एफडी आणि पोस्टातच ठेवणार असाल तर ३५. पन्नाशीतच नोकरी सोडायची असेल तर ४० च्या खाली बोलू नका.

मग नाशिकच्या जोडप्याला किती लागतील?

खर्च ६,६०,०००. पीएफची पेन्शन महिना ४,००० येते असं धरू, वर्षाची ४८,०००. कमी पडतात ६,१२,०००. त्याच्या ३० पट म्हणजे सुमारे १ कोटी ८४ लाख.

इथे एक बारीक चूक सगळे करतात. खर्च महागाईबरोबर वाढतो, ही पेन्शन मात्र आहे तेवढीच राहते. बारा वर्षांनी त्या चार हजारांत आजच्या दोन हजारांएवढंच सामान येईल. ही तूट भरायला सात-आठ लाख जास्त लागतात. आकडा १ कोटी ९० लाख धरा. त्यांचं राहतं घर यात नाही.

घर, सोनं, गावची जमीन धरली तर आमच्याकडे दोन कोटी आहेतच की!

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या घरगुती वित्त समितीच्या २०१७ च्या अहवालात भारतीय कुटुंबाच्या संपत्तीची फोड दिली आहे: सरासरी ८४ टक्के स्थावर आणि इतर वस्तू, ११ टक्के सोनं, आणि आर्थिक गुंतवणूक उरलेले ५ टक्के. म्हणजे कागदावर श्रीमंत आणि महिनाअखेरीला ओढाताण. निवृत्तीच्या हिशेबात दरमहा पैसे देणारी किंवा सहज मोडता येणारी संपत्तीच धरायची.

राहतं घर धरायचं नाही. त्यात तुम्ही राहता, म्हणून भाड्याचा खर्च वाचतो. तो फायदा खर्चाच्या बाजूला आधीच मोजला गेला. मोठं घर विकून लहान घेणार असाल तरच दोन्हींतला फरक धरा, तोही मुद्रांक शुल्क, दलाली, सामान हलवणं आणि नव्या घराचं फर्निचर वजा करून. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून खूश असाल तर मेंटेनन्सचं काय होणार ते आधी विचारा. तीन मजली जुन्या इमारतीत दोन-तीन हजार भरणाऱ्यांना लिफ्ट, जनरेटर, सुरक्षा रक्षक आणि जिम असलेल्या टॉवरमध्ये त्याच्या कित्येक पट भरावे लागतात, आणि पेन्शन तर तीच असते.

दुसरा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्याची किंमत धरू नका, हातात येणारं भाडं धरा. शहरांत वर्षाचं भाडं किमतीच्या साधारण २ ते ३ टक्के पडतं. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एखादा महिना वजा करा. ऐंशी लाखांच्या फ्लॅटचं निव्वळ भाडं दीड लाख निघालं तर हिशेबात दीड लाखच.

गावच्या जमिनीचा सातबारा काढून बघा. त्यावर काका, आत्या आणि चुलतभाऊ मिळून सतरा नावं असतील, वाटणी झालेली नसेल आणि फेरफारही आजोबांच्या नावावरच अडला असेल, तर त्या जमिनीची किंमत तुमच्यापुरती शून्य. आधी वाटणी करून घ्या, मग मोजा.

अंगावरचं सोनं मोडायचं नसतं हे आपल्याला मनातून माहीत असतं. खरोखर मोडायची तयारी असलेलंच धरा. मोडताना घडणावळ परत मिळत नाही आणि खड्यांचं वजन वजा होतं, हेही लक्षात घ्या.

खासगी नोकरीत पीएफची पेन्शन किती बसते?

सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. गोम पगारात आहे. तुमचा मूळ पगार ६०,००० असला तरी सामान्यतः इथे १५,००० च धरले जातात. २८ वर्षं सेवा असेल तर २० वर्षांवरील सेवेची २ वर्षं अधिक मिळून ३० होतात. १५,००० गुणिले ३० भागिले ७० म्हणजे ६,४२८ रुपये. प्रत्यक्षात आज निवृत्त होणाऱ्याला त्याहून कमी मिळतात, कारण सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मर्यादा ६,५०० रुपयांची होती आणि तेवढ्या वर्षांची पेन्शन त्याच दराने मोजतात.

किमान १० वर्षं सेवा लागते. पेन्शन ५८ पासून सुरू होते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कायमची कपात होते. नोकरी बदलताना जुना पीएफ काढून टाकला की सेवेची वर्षंही विखुरतात. खातं नव्या कंपनीकडे वळवून घ्या. आणि निवृत्तीच्या आधी वर्षभर खात्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, आणि आधीच्या नोकऱ्या सोडल्याच्या तारखा नीट नोंदल्या आहेत का ते बघा. दावे अडतात ते बहुधा इथेच. आधार कार्डावर ‘सुरेश दत्तात्रय’ आणि कंपनीच्या नोंदीत ‘सुरेश डी.’ एवढंही पुरतं.

सरकारी नोकरीत आहे. मलाही एवढंच जमवावं लागेल?

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागला असाल तर नाही. महागाई भत्त्यासह पेन्शन मिळते, म्हणजे महागाईची मुख्य काळजी सरकार वाहतं. तुम्हाला मोठ्या खर्चांसाठी तीन-चार वर्षांच्या खर्चाइतकी गंगाजळी पुरे. नंतर लागलेल्यांनी आपल्या नावावर कोणती योजना आहे ते कार्यालयातून लेखी घ्यावं आणि तिच्या रकमेनुसार कमी पडणारा भाग वर दाखवला तसा काढावा.

वय ४५ आहे. महिन्याला किती टाकू?

आजचा ६,६०,००० चा खर्च ६ टक्के महागाईने १५ वर्षांत सुमारे १५ लाख ८० हजार होतो. त्याच्या ३० पट पावणेपाच कोटी. आकडा ऐकून पंखा लावावासा वाटतो, पण तो २०४० च्या आसपासच्या रुपयांतला आहे.

आता बाकी बाजू. पीएफमध्ये आज २५ लाख असतील आणि ८ टक्क्यांनी वाढले तर १५ वर्षांत सुमारे ७९ लाख होतात. पुढची भर वेगळी. म्युच्युअल फंडात महिना १०,००० टाकले आणि १० टक्के परतावा धरला (हमी नाही, गृहीतक आहे) तर पंधरा वर्षांनी ४२ लाख. तोच हप्ता दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेला तर ७४ लाख. पगार वाढला की हप्ता वाढवायचा, ही एक सवय एवढा फरक पाडते.

पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरा, कारण ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मिळतं. १५ वर्षांनंतर भरणा चालू ठेवायचा असेल तर मुदतवाढीचा अर्ज एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. तो राहिला तर भरलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही.

गृहकर्जाचा हप्ता निवृत्तीनंतरही चालू राहणार असेल तर आधी त्याचा निकाल लावा.

साठीला सगळे पैसे एकदम हातात आले. कुठे ठेवायचे?

पहिले तीन महिने कुठेच नाही. खात्यात मोठी रक्कम आली की बँकेतून फोन येतो, ‘काका, एक छान योजना आहे.’ ती बहुधा पाच-सात वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी असते. साठीच्या माणसाला, ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, तिची गरज नसते. ‘एफडीसारखीच आहे’ असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा: पुढच्या वर्षी सगळे पैसे परत मागितले तर किती मिळतील?

नाशिकच्या जोडप्याचे १ कोटी ९० लाख असे लावता येतात. पोस्टाच्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख, ही कमाल मर्यादा आहे. २०२५-२६ मधल्या ८.२ टक्के दराने प्रत्येकाला दर तिमाहीला ६१,५०० मिळतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५०. दोन्ही मिळून वर्षाला ६,०३,०००. वीस लाख एफडीत, चार-पाच पावत्यांत फोडून, म्हणजे अडीनडीला एकच पावती मोडते. उरलेल्या ९५ लाखांतले ५०-५५ इंडेक्स (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे शेअर घेणाऱ्या) किंवा संतुलित (शेअर आणि रोखे दोन्ही घेणाऱ्या) फंडात, बाकी कमी मुदतीच्या कर्जरोखे फंडात.

पहिली काही वर्षं व्याज थोडं उरतं. ते खर्चायचं नाही. आजचे ६,६०,००० बारा वर्षांनी १३ लाखांवर जाणार आहेत, आणि पोस्टाचं व्याज मात्र तिथेच राहणार. पुढची सगळी वाढ त्या फंडांतून यायची आहे. बाजार कोसळलेल्या वर्षी फंडाला हात न लावता एफडीवर भागवता यावं, म्हणून ते वीस लाख. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत बाजार पडला आणि तेव्हाच युनिट विकावी लागली, तर पुढे बाजार सावरला तरी तुमचे पैसे सावरत नाहीत. विकलेली युनिट परत येत नाहीत.

दोन तांत्रिक गोष्टी. पतीच्या पैशांतून पत्नीच्या नावे खातं काढलं तर व्याज पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं. या उदाहरणात त्याने बिघडत नाही, कारण २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो (शेअर आणि फंड विकून झालेल्या नफ्याचा हिशेब वेगळा). आणि व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. ज्येष्ठांच्या योजनेत खातं उघडतानाचा दर पाच वर्षं टिकतो.

आमची सहकारी बँक अर्धा टक्का जास्त देते. तिथे सगळं ठेवावं का?

सगळं नाही. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका बँकेत एका खातेदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच मिळतात. त्याच बँकेच्या वेगवेगळ्या शाखा एकत्रच मोजल्या जातात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पुण्याची रुपी बँक २०१३ पासून निर्बंधांखाली होती, २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. अशा बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत राहील एवढंच ठेवा, म्हणजे मुद्दल साडेचारच्या आसपास.

पतसंस्थेला हा ठेव विमा लागूच नाही. चेअरमन आपल्या नात्यातले असले तरी नाही.

एलआयसीची किंवा इतर विमा कंपनीची तहहयात पेन्शन घ्यावी का?

थोड्या रकमेची घ्यायला हरकत नाही, विशेषतः हिशेब ठेवण्याचा कंटाळा असेल किंवा पैशांवर नातेवाइकांचा डोळा असेल तर. रक्कम आयुष्यभर मिळते, पण साध्या प्रकारात वाढत नाही आणि पैसे सहसा परत घेता येत नाहीत. दर वयाबरोबर चढतो, म्हणून सत्तरीत घेणं साठीपेक्षा फायद्याचं पडतं.

आरोग्य विमा किती रकमेचा हवा?

कंपनीच्या विम्यावर विसंबून न राहता पन्नाशीतच स्वतःचा घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती वर्षं नोकरीत असतानाच संपवायची. दोघांना मिळून १० लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च भरणारी जोड पॉलिसी), असं स्वस्तात बसतं. टॉप-अपची सुरुवातीची मर्यादा मूळ पॉलिसीएवढीच ठेवा, नाहीतर मधली दरी खिशातून भरावी लागते.

खोलीभाड्याचं कलम वाचलंच पाहिजे. पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याला १ टक्क्याची, म्हणजे ५,००० ची मर्यादा असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर कपात त्या ३,००० पुरती थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारख्या जोडखर्चांतूनही आठातले पाचच मंजूर होतात. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण घ्यावी.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढून ठेवा आणि जवळचं कुठलं रुग्णालय त्यात आहे ते आजच बघा.

मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी पीएफ काढू का?

शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी मिळत नाही. कर्ज तिच्या नावावर घ्या आणि जमेल तेवढा हप्ता तुम्ही भरा. लग्नालाही हाच न्याय. हॉलचं भाडं पीएफमधून जाऊ देऊ नका.

आखातातून परत यायचं आहे. वेगळं काय?

तिथे परदेशी कामगारांना साधारणपणे मासिक पेन्शन नसते, सेवा संपताना एकरकमी पैसे मिळतात. त्यामुळे सगळा भार स्वतःच्या बचतीवर येतो. अनिवासी असताना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येत नाही, नवं पीपीएफही नाही. एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांनी परदेशी कमाई ठेवण्याचं इथलं खातं) व्याज करमुक्त असतं, पण कायमचे परतलात की बँकेला कळवून ते खातं बदलून घ्यावं लागतं आणि करमुक्ती संपते. रत्नागिरीला परतल्यावर एनआरई ठेवीच्या जुन्या करमुक्त ७ टक्क्यांवर हिशेब मांडून बसू नका.

दोघांपैकी एक गेल्यावर काय होतं?

खर्च निम्मा होत नाही. घर, वीज, कामवाली तेवढंच राहतं. ७० टक्के तरी धरा. पीएफची पेन्शन पत्नीला साधारण निम्मी मिळते, किमान १,०००. सगळी बँक खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ पद्धतीची करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांसाठी पैसे ताब्यात घेते, म्हणून मृत्युपत्र हवंच: साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून तरुण आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे निवडा.

आणि एका वहीत खाती, पावत्यांचे क्रमांक, पॉलिसी, लॉकरची किल्ली कुठे आहे हे लिहून ठेवा. घरातले व्यवहार आजवर ज्याने पाहिले नाहीत त्याच्याकडून ती वही हातात घेऊन एक एफडी नूतनीकरण करून घ्या. कुठे अडकतात ते तेव्हाच समजेल.